‘बेडर कण्णप्पा’ : गळा, डोळे आणि चोरीचा आळ

बंगळुरूच्या राजाजीनगर या वसाहतीतून जो हमरस्ता जातो त्याला डॉ. राजकुमार यांचे नाव आहे. आणि याच वसाहतीतील नारायण नेत्रालयात १९९४ पासून त्यांच्याच नावाची एक नेत्रपेढी आहे. नटाच्या नावाचा रस्ता ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे. नटाच्या नावाची नेत्रपेढी मात्र क्वचितच आढळेल. १२ एप्रिल २००६ रोजी राजकुमार निवर्तले तेव्हा त्यांचे डोळे दान करण्यात आले. २९ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांचे धाकटे पुत्र पुनीत राजकुमार अकाली गेले तेव्हाही तसेच घडले. कन्नड प्रेक्षकाला या दानाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. नायक म्हणून आपल्या पहिल्याच चित्रपटात या नटाने शिवाला डोळे काढून दिले होते, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. तो चित्रपट म्हणजे १९५४ चा ‘बेडर कण्णप्पा’.

या चित्रपटाचा उल्लेख मराठी समीक्षेत सहसा येत नाही. येण्याचे कारण मात्र आहे. संगीत रंगभूमीवरील नाटक पडद्यावर येते तेव्हा काय टिकते आणि काय गळून पडते, हा प्रश्न मराठी रसिकाला ‘धर्मात्मा’पासून ‘कट्यार काळजात घुसली’पर्यंत छळत आला आहे. त्याची चर्चा बहुधा एका ठराविक तक्रारीपाशी थांबते : पदे कमी केली, चाली बदलल्या, बैठकीचा रंग उतरला. तक्रार खोटी नाही. पण ती प्रश्नाच्या कडेकडेनेच फिरते. संगीत नाटकाचा प्राण पदांच्या संख्येत नसतो. जो देह दुःख भोगताना दिसतो त्याच देहातून सूर निघतो, या प्रत्यक्ष प्रतीतीत तो असतो. नट धापा टाकतो, घाम पुसतो, तार षड्जाला त्याच्या मानेची शीर ताठ होते; आणि प्रेक्षक जे सत्य म्हणून स्वीकारतो ते याच श्रमांच्या साक्षीने. चित्रपटाने ही साक्ष मोडून टाकली. गळा एकाचा आणि देह दुसऱ्याचा अशी वाटणी त्याने केली. मग त्या देहाने प्रेक्षकाची खात्री कशाने पटवावयाची? ‘बेडर कण्णप्पा’ने या प्रश्नाला दिलेले उत्तर मराठीतील बहुतेक उत्तरांहून निराळे आहे, आणि म्हणूनच ते तपासून पाहण्याजोगे आहे.

कथा जुनी आहे. तमिळ शैव परंपरेतील त्रेसष्ट नायन्मारांपैकी कण्णप्पा हा एक. बाराव्या शतकातील सेक्किळार याच्या ‘पेरियपुराणम्’मध्ये त्याचे चरित्र येते, कन्नडमध्ये हरिहराच्या रगळ्यांतून ते घरोघरी गेले. श्रीकालहस्तीच्या डोंगरात शिकार करणारा हा माणूस शिवलिंगाला तोंडातून आणलेल्या पाण्याने स्नान घालतो, आधी स्वतः चाखून पाहिलेले मांस नैवेद्य म्हणून ठेवतो. लिंगाच्या एका डोळ्यातून रक्त वाहू लागते तेव्हा तो आपला डोळा उपटून तेथे बसवितो. दुसऱ्या डोळ्यातूनही रक्त येते. आता आपलाही दुसरा डोळा काढला तर जागा कशी सापडणार, म्हणून तो देवाच्या डोळ्यावर पाय रोवून ठेवतो आणि मग बाणाला हात घालतो. भक्तिकथांच्या साऱ्या भांडारात या पायाइतका धीट तपशील क्वचितच सापडेल. देवाच्या मुखावर पाय ठेवणे हीच येथे पराकोटीची पूजा ठरते, कारण ती आंधळ्या होऊ घातलेल्या माणसाची व्यवहारी सोय आहे.

हे कथानक चित्रपटाकडे आले ते गुब्बी कंपनीच्या रंगभूमीकडून. तुमकूर जिल्ह्यातील गुब्बी या गावी १८८४ मध्ये स्थापन झालेली ही नाटक मंडळी पुढे गुब्बी वीरण्णांच्या (१८९१–१९७२) हाती आली आणि कन्नड व्यावसायिक रंगभूमीचे दुसरे नावच होऊन बसली. ‘कुरुक्षेत्र’ नाटकात खरे हत्ती-घोडे रंगमंचावर आणणारे म्हणून वीरण्णांची ख्याती सांगितली जाते. परंतु प्रेक्षकांनी त्यांना खरे प्रेम दिले ते ‘सदारमे’ नाटकातील चोराच्या भूमिकेसाठी. हा चोर पुढे आपल्याला पुन्हा भेटेल. मराठी वाचकाला ही मंडळी परकी वाटण्याचे कारण नाही. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले त्यामागे कानडी मुलुखातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव भागातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या पदांना कानडी चालींचाही आधार झाला. पुढे ऋण उलट दिशेनेही फेडले गेले. किर्लोस्कर आणि गंधर्व नाटक मंडळींच्या धारवाड-हुबळीकडील दौऱ्यांनी तिकडच्या कंपन्यांचे कान घडविले. आणि बोलपटाचा काळ आला तेव्हा १९३४ चा पहिला कन्नड बोलपट ‘सती सुलोचना’ चित्रित झाला तो कोल्हापूरच्या छत्रपती स्टुडिओत! दोन्ही भाषांच्या रंगभूमीवर गळा हीच नटाची पहिली पात्रता होती, ही गोष्ट म्हणूनच योगायोगाची नव्हे.

गाजनूरचा मुत्तुराज याच शाळेत वाढला. वडील सिंगानल्लूर पुट्टस्वामय्या हे हिरण्यकशिपू, कंस यांसारख्या भूमिका गाजविणारे नट; त्यांच्या पाठोपाठ मुलगाही लहानपणीच कंपनीत आला. कंपनीत येणे म्हणजे गाणे शिकणे. १९५४ मध्ये दिग्दर्शक एच. एल. एन. सिंह यांनी त्याला ‘बेडर कण्णप्पा’चा नायक केले, राजकुमार हे नाव दिले, आणि पहिली गोष्ट कोणती केली असेल तर त्याचा गळा काढून घेतला. मद्रासच्या एव्हीएमच्या साहाय्याने गुब्बी मंडळींनी निर्मिलेल्या या चित्रपटाचे संगीत आर. सुदर्शनम् यांचे, आणि नायकाच्या तोंडी असलेले जे पद आजही गायिले जाते त्याचा आवाज आहे सी. एस. जयरामन् यांचा.

हे पद काय मागते ते पाहण्यासारखे आहे. मोक्ष नाही, दर्शनही नाही. अन्न. शिकार मिळत नाही, भूक सोसवत नाही, तेव्हा त्रैलोक्याच्या धन्याने आता तरी राखावे, एवढीच विनवणी त्यात आहे. जयरामन् यांचा आवाज घोटलेला, कर्नाटक संगीताच्या शिस्तीत मुरलेला. समोर दिसणारा तरुण मात्र रानातला, हाडापेराने मोठा, चेहऱ्याने काहीसा बावरलेला. या दोहोंमध्ये फट आहे. ती दिसते. प्रश्न असा, की ती चित्रपटाला मारक ठरते काय?

१९३५ मध्ये प्रभातने बालगंधर्वांना ‘धर्मात्मा’त एकनाथांच्या भूमिकेत उभे केले तेव्हा ही फट नव्हती. पार्श्वगायनाचा उपयोग त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये सुरू होत होता. पुण्यात अजून नट स्वतःच गात होता. तरीही ‘धर्मात्मा’ पाहणाऱ्याला एक अवघडलेपण जाणवते. गळा बालगंधर्वांचा होता, देहही त्यांचाच होता, परंतु त्या देहाची सारी साधना स्त्रीभूमिकेची. कॅमेऱ्यासमोर पुरुषवेषात तो देह पोरका झाला. याउलट १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये विष्णुपंत पागनीसांचे अभंग त्यांच्या चालण्या-बसण्यातून उगवल्यासारखे वाटतात. पागनीसही रंगभूमीवर स्त्रीभूमिका करीत आले होते. म्हणजे केवळ पूर्वसंस्कारावर खापर फोडता येणार नाही. फरक इतकाच की पागनीसांनी पडद्यावर गाणे ‘म्हटले’, मैफल केली नाही. तेव्हा गळा आणि देह एकाच माणसाचे असले म्हणजे एकरूपता आपोआप साधते, असे नव्हे. ती पात्राच्या कृतीतून कमवावी लागते.

या संदर्भात एका इंग्रजी चित्रपटाची आठवण होणे अपरिहार्य आहे. ‘बेडर कण्णप्पा’च्या आदल्याच वर्षी, १९५३ मध्ये, पीटर ब्रूक यांचा ‘द बेगर्स ऑपेरा’ प्रकाशित झाला. पुढे ‘महाभारत’ रंगमंचावर आणि नंतर पडद्यावर आणणाऱ्या ब्रूक यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. मूळ नाटक जॉन गे यांचे, १७२८ चे. लंडनला त्या पहिल्याच मोसमात त्याचे बासष्ट प्रयोग झाले. दरबारी इटालियन ऑपेराची टवाळी करण्यासाठी गे यांनी रस्त्यावरच्या लोकप्रिय चाली घेतल्या, त्यांत नवे शब्द भरले, आणि राजे-राण्यांच्या जागी वाटमारे, चोरीचा माल घेणारे आणि लाचखाऊ तुरुंगाधिकारी उभे केले. साकी-दिंडीच्या परिचित चालींवर नाटक उभारणाऱ्या मराठी परंपरेला यातले तंत्र लगेच ओळखू येईल. श्रोत्याच्या कानात चाल आधीच असते. म्हणून त्याचे लक्ष शब्दाकडे, आणि शब्दातल्या नांगीकडे जाते.

चित्रपटासाठी संगीताची नवी मांडणी आर्थर ब्लिस यांनी केली आणि मॅकहीथ या वाटमाऱ्याच्या भूमिकेसाठी लॉरेन्स ऑलिव्हिए यांची निवड झाली. नाटकातील मोठ्या नटाने उसना गळा नाकारला. ऑलिव्हिए स्वतः गायिले. स्टॅनले हॉलोवेही स्वतः गायिले. बाकीच्या बहुतेकांच्या तोंडी मात्र शिक्षित गायकांचे आवाज घालण्यात आले. परिणाम विलक्षण झाला. एकाच पडद्यावर दोन प्रकारची माणसे वावरू लागली : स्वतःच्या श्वासाने गाणारी आणि दुसऱ्याच्या श्वासाने गाणारी. ऑलिव्हिए यांचा गळा मोठ्या गवयाचा नाही, वरच्या जागा ते सांभाळून घेतात. पण त्यांचे पद हे त्या बदमाशाचेच बोलणे आहे, ते बोलता बोलता सुरात शिरते आणि सुरातून सहज बाहेर येते. त्यांच्या शेजारी निर्दोष आवाजात गाणारी पॉली एखाद्या सुंदर चित्रासारखी सपाट दिसते. चित्रपट चालला नाही. त्याची कारणे अनेक असतील. परंतु हा दुभंग त्याच्या शरीरातच होता, आणि त्यातला जिवंत भाग कोणता याविषयी शंका उरत नाही.

मग येथून सरळ निष्कर्ष काढावा काय, की उसना गळा हाच संगीतपटाचा घात करतो? मराठी रसिक असा निष्कर्ष चटकन काढील. आणि ‘कट्यार’ त्याच्या बाजूने साक्ष देईल. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक डिसेंबर १९६७ मध्ये नाट्यसंपदेने रंगमंचावर आणले तेव्हा खाँसाहेब आफताब हुसेन यांची भूमिका डॉ. वसंतराव देशपांडे यांनी केली. पं. जितेंद्र अभिषेकी यांच्या चाली, दोन घराण्यांचा झगडा, आणि एकच पद दोन गायकींनी मांडण्याची नाटककाराची युक्ती, हे सारे खरे. पण त्या नाटकाचा विषय शेवटी गळा हाच आहे. विद्या कोणाच्या गळ्यात उतरते, कोणाच्या नाही, कोणाला ती चोरून मिळवावी लागते! अशा नाटकात वसंतराव गात तेव्हा खाँसाहेबांचा अहंकार आणि वसंतरावांची तान वेगळी काढता येत नसे. २०१५ मध्ये सुबोध भावे यांनी त्यावर चित्रपट केला. त्यात खाँसाहेब सचिन पिळगावकर, आणि त्यांचा आवाज वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांचा; सदाशिव दिग्दर्शक स्वतः, आणि त्याचा आवाज महेश काळे यांचा. काळे यांना त्या गायनासाठी राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. चित्रपट देखणा आहे, त्याने एका नव्या पिढीला नाट्यसंगीताकडे आणले, आणि त्यातील गायन उच्च प्रतीचे आहे. तरीही जेथे शेंदराने एका गायकाचा कंठ कायमचा जातो, त्या कथेत बाकी सर्वांचे कंठ बाहेरून आणलेले असावेत यात एक अशी विसंगती आहे की जी कोणत्याही कौशल्याने भरून येत नाही. एकटे शंकर महादेवन तेवढे पंडितजींच्या देहात स्वतःच्या गळ्याने उभे आहेत. आणि नेमका त्यांचाच आवाज कथेत नाहीसा होतो! या एका भूमिकेत पडद्यावरची हानी प्रेक्षकाला खरी वाटते, याचे श्रेय पटकथेला किती आणि या योगायोगाला किती, हे ठरविणे अवघड आहे.

‘बेडर कण्णप्पा’ येथे आडवा येतो. त्यातही गळा उसना आहे. तरी तो चित्रपट कोसळत नाही. याचे कारण त्याच्या कथेतच आहे. ही कथा गळ्याची नाही, डोळ्यांची आहे. राजकुमार यांचा गळा काढून घेतल्यावर त्यांच्यापाशी जे उरले ते म्हणजे रंगभूमीने घडविलेला देह आणि कॅमेऱ्याने जवळून पाहिलेले दोन डोळे. रंगमंचावर शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला नटाचे डोळे दिसत नाहीत, त्याचा आवाज पोहोचतो. पडद्यावर याच्या उलट आहे. रंगभूमीवर कण्णप्पाचे नेत्रदान हा हावभावाचा आणि पदाचा प्रसंग असणार. चित्रपटात तो पाहण्याचा प्रसंग होतो : जे डोळे प्रेक्षकाने इतका वेळ जवळून पाहिले, ज्यांच्यात भूक, बावळेपण, मार खाल्ल्यानंतरचे अबोल आश्चर्य त्याने वाचले, तेच आता जाणार आहेत. गळा उसना घेतल्याने झालेली हानी डोळ्यांनी भरून काढली, असे म्हणणे अपुरे होईल. नाटकाचा मध्यबिंदूच कानाकडून डोळ्याकडे सरकला, आणि कथा तशी असल्यामुळे त्याला तेथे जागा मिळाली. ‘कट्यार’च्या कथेत अशी जागा नव्हती.

चित्रपटात दोष नाहीत असे नव्हे. स्वर्गातून पृथ्वीवर लोटल्या गेलेल्या दिव्य जोडप्याची प्रस्तावना त्याला जोडलेली आहे, आणि ती कथेच्या मुळावरच येते. दिण्ण आणि नीला ही मुळात देवलोकीची आहेत असे सांगितले, की शिकाऱ्याच्या घरी जन्मलेल्या माणसाची भक्ती ही त्याची स्वतःची मिळकत राहत नाही. वरून आलेल्या ठेवीचे ते व्याज ठरते. कंपनी-नाटकांना अशा शाप-उःशापाच्या चौकटी लागत, कारण त्यांत पडदे, प्रकाश आणि नृत्य यांना वाव मिळे. चित्रपटाने ही चौकट टाकून दिली असती तर काही बिघडले नसते. पंढरीबाईंची नीला संयत आहे. नरसिंहराजू यांचा विनोद मात्र, तो पुढे कितीही लोकप्रिय झाला असला तरी, येथे अनेकदा कंपनीच्या मध्यंतराचा वाटतो.

पण याच चित्रपटाने पुराणात एक गोष्ट अशी घातली आहे की तिच्यामुळे बाकीचे दोष माफ करावेत. लोभी पुजारी देवाच्या अलंकारांच्या चोरीचा आळ या शिकाऱ्यावर घालतो, आणि त्याला मारहाण होते. ‘पेरियपुराणम्’मधील ब्राह्मण पुजारी शिवगोचर हा मांसाने विटाळलेले देऊळ पाहून व्यथित होणारा प्रामाणिक माणूस आहे, शेवटी कण्णप्पाची भक्ती पाहून तो शहाणा होतो. चित्रपटाने त्याच्या जागी भ्रष्ट पुजारी आणला. पुराणावर हा अन्याय आहे असे कोणी म्हणेल. पण मराठी वाचकाने आपल्याच संतचरित्रांकडे वळून पाहावे. चोखोबावर विठ्ठलाच्या गळ्यातला हार चोरल्याचा आळ येतो आणि त्याला बैलांना बांधण्याची शिक्षा होते. जनाबाईवर देवाचे पदक चोरल्याचा आळ येतो आणि तिला सुळापर्यंत नेले जाते. देवाच्या जवळ गेलेल्या खालच्या थरातील माणसाला समाज प्रथम कोणते नाव देतो? चोर. लोककथेने हे फार पूर्वी ओळखले होते. ‘बेडर कण्णप्पा’ने तीच ओळख कण्णप्पाच्या कथेत आणून ठेवली.

आणि येथे चित्रपटाच्या नावातील पहिला शब्द महत्त्वाचा ठरतो. भाषांतरकाराने ‘बेडर कण्णप्पा’चे मराठी काय करावे? ‘व्याध कण्णप्पा’ म्हटले तर तो संस्कृत पुराणातला होतो. ‘शिकारी कण्णप्पा’ म्हटले तर छंदाने शिकार करणारा कोणी श्रीमंत वाटतो. बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यातील माणूस मात्र तिसरा शब्द बोलेल : बेरड. कन्नडमधील ‘बेड’, ‘बेडर’ आणि मराठीतील ‘बेरड’ यांचे गोत्र एकच आहे. आणि हा शब्द उच्चारताच पुराण संपते, सरकारी दप्तर सुरू होते. गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा. तो १९५२ च्या ऑगस्टअखेर रद्द झाला. महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत आजही पहिले नाव बेरडांचे आहे. भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ हे आत्मकथन ज्याने वाचले असेल त्याला चोरी कोठेही झाली तरी पोलीस प्रथम कोणत्या वस्तीत शिरत आणि तेथील बायकापोरांचे काय होई, हे सांगावयास नको. कायदा रद्द होऊन पुरती दोन वर्षेही झाली नव्हती, अशा वेळी एका बेडराला देवळाच्या चोरीच्या खोट्या आरोपाखाली मार खाताना आणि नंतर त्याच देवाला डोळे काढून देताना हजारो प्रेक्षकांनी पाहिले. गुब्बी मंडळींनी हे हेतुपुरस्सर केले असे म्हणण्याचा आग्रह येथे नाही. कथेला जे कळते ते कथाकाराला कळलेच पाहिजे असा नियम नाही. परंतु मराठी भाषांतरात ‘व्याध’ हा शब्द योजणारा हे सारे पुसून टाकील, एवढे निश्चित.

आता वीरण्णांचा तो ‘सदारमे’तील चोर आठवावा, आणि गे यांचा मॅकहीथही. संगीत रंगभूमीला चोराचे आकर्षण असावे, हे कुतूहलाचे आहे. बर्लिनमध्ये १९२८ साली ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांनी गे यांच्या नाटकाला नवा जन्म दिला. त्याचे मराठी रूप पु. ल. देशपांड्यांनी ‘तीन पैशाचा तमाशा’ म्हणून केले आणि १९७८ मध्ये जब्बार पटेलांच्या दिग्दर्शनाखाली पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ते रंगविले. या सर्व चोरांची गाणी मजेदार आहेत, कारण ते खरोखरच चोर आहेत आणि भोवतालचे प्रतिष्ठित लोक त्यांच्याहून मोठे चोर आहेत, असा त्या नाटकांचा उपरोध आहे. कण्णप्पाची गोष्ट उलटी. तो चोर नाही. त्याला चोर म्हटले जाते. म्हणून त्याच्या गाण्यात उपरोधाला जागा नाही, तेथे भूकच आहे. मॅकहीथला स्वतःचा गळा लागतो, कारण त्याचे गाणे ही त्याची ऐट आहे. कण्णप्पाचे गाणे दुसऱ्याच्या गळ्यातून आले तरी निभते. याचना करणाऱ्याचा आवाज बहुधा कोणी ऐकतच नाही, तो कोणाचा आहे हे विचारण्याची वेळ कोठून येणार?

चित्रपट लगेच अन्य भाषांत गेला. तेलुगूतील ‘कालहस्ती माहात्म्यम्’ त्याच वर्षी, राजकुमार यांनाच घेऊन निघाला. तो त्यांचा एकमेव तेलुगू चित्रपट. हिंदीत १९५५ मध्ये ‘शिवभक्त’ आला, आणि त्यात नायक म्हणून उभे राहिले अहमदनगरचे शाहू मोडक. म्हणजे प्रभातच्या ‘माणूस’मधील पोलीस शिपाई आणि ‘संत ज्ञानेश्वर’मधील ज्ञानेश्वर. दिग्दर्शक तेच, नीला म्हणून पंढरीबाई त्याच. मोडक हे देखणे, सौम्य, कृष्णाच्या भूमिकांनी घराघरात पोहोचलेले नट. नेमके तेच आड आले. हिंदी प्रेक्षकाने त्यांना देव म्हणून इतक्या वेळा पाहिले होते, की देवळाबाहेर मार खाणारा बेडर म्हणून त्यांच्याकडे पाहणे त्याला जड जावे. शीर्षकातूनही ‘बेडर’ गळाला आणि ‘भक्त’ तेवढा उरला. भाषांतरात एखादा शब्द सुटतो आणि त्याबरोबर एक जमात सुटते, याचे याहून स्वच्छ उदाहरण शोधूनही मिळणार नाही. पुढे १९७६ मध्ये तेलुगूत बापू यांनी, १९८८ मध्ये कन्नडमध्ये राजकुमार यांचेच पुत्र शिवराजकुमार यांना घेऊन, आणि २०२५ मध्ये पुन्हा तेलुगूत हीच कथा चित्रित झाली. ती प्रत्येक वेळी अधिक खर्चिक झाली.

राहता राहिला गळा. ‘बेडर कण्णप्पा’नंतर एखाददुसरे गीत वगळता जवळजवळ वीस वर्षे राजकुमार पडद्यावर दुसऱ्याच्या आवाजात गात राहिले, त्यांतील बहुतेक काळ तो आवाज पी. बी. श्रीनिवास यांचा होता, आणि तो इतका शोभला की अनेकांना तो राजकुमार यांचाच वाटे. कंपनीत तापलेला त्यांचा स्वतःचा कंठ या काळात कोठे होता, हे प्रेक्षकाला ठाऊक नव्हते. तो परत आला १९७४ मध्ये, ‘संपत्तिगे सवाल्’ या चित्रपटात. तोही रंगभूमीवरूनच आलेला. मूळ नाटक उत्तर कर्नाटकातील धुत्तरगी यांचे. संगीतकार जी. के. वेंकटेश यांनी एका गाण्यासाठी नायकालाच ध्वनिक्षेपकासमोर उभे केले. पद भक्तीचे नाही, विरहाचे नाही, त्यात रागदारीची मिजासही नाही. नायक म्हशीच्या पाठीवर बसून गावातून चालला आहे आणि वाटेतल्या माणसांची थट्टा करीत खुल्या, किंचित खरखरीत, मागच्या रांगेपर्यंत पोहोचविण्याची सवय असलेल्या आवाजात गात आहे. १९९२ च्या ‘जीवन चैत्र’मधील गायनासाठी राजकुमार यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जाणकारांनी माना डोलावल्या, पण कर्नाटकातील खेड्यापाड्यांत त्या नटाचा गळा विचारला तर लोक अजूनही त्या म्हशीवरच्या गाण्याची आठवण काढतात.